पोटेन्शियल शून्य आलं म्हणून फील्डही शून्य? बिंदू चार्जच्या गणितात उत्तर का जुळत नाही आणि चूक कशी शोधायची

फॉर्म्युला पाठ आहे, आकडे नीट टाकलेत, कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं, तरी उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळत नाही. बिंदू चार्जचं गणित सोडवणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे घेऊन येतोच. मी ही गणितं बरीच वर्षं शिकवतोय आणि वह्या तपासतोय, आणि आता असं झालंय की नुसतं चुकीचं उत्तर बघितलं तरी बहुतेक वेळा कळतं की गाडी कुठे घसरली असणार. चुका फार थोड्या आहेत पण त्याच त्या परत परत होतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण ही चूक बुद्धी कमी असल्याची नाहीये, पोटेन्शियल (एका बिंदूवर दर कूलॉममागे किती एनर्जी, व्होल्टमध्ये) आणि फील्ड (तिथे दर कूलॉमवर किती जोर आणि कुठल्या दिशेला) या दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकाच वहीत शेजारी शेजारी शिकवल्या जातात म्हणून होते.

आधी एक सवय लावून घ्या, पुढचं सगळं हलकं होईल. के (कूलॉमच्या नियमातला स्थिरांक) ची किंमत साधारण ९ × १० चा ९वा घात, आणि नॅनो म्हणजे १० चा उणे ९वा घात, म्हणजे चार्ज नॅनोकूलॉममध्ये असेल तर हे दोन्ही घात एकमेकांना कापतात आणि के × क्यू (क्यू म्हणजे चार्ज) म्हणजे सरळ ९ गुणिले चार्जचा आकडा. ३ नॅनोकूलॉम असेल तर २७, २ असेल तर १८. आकृती काढली की प्रत्येक चार्जच्या डोक्यावर हा आकडा पेन्सिलने लिहून टाका. मग पोटेन्शियल हवं असेल तर त्याला मीटरमधल्या अंतराने एकदा भागायचं आणि फील्ड हवं असेल तर दोनदा. मायक्रोकूलॉम असेल तर तोच आकडा हजारपट.

आता मुख्य दुखणं. समजा +३ आणि −३ नॅनोकूलॉमचे दोन चार्ज २० सेंटीमीटरवर ठेवलेत, बरोबर मधल्या बिंदूवर पोटेन्शियल किती आणि फील्ड किती असं विचारलंय. पोटेन्शियल सोपं, २७ ÷ ०.१ म्हणजे +२७० व्होल्ट, दुसऱ्याचं −२७० व्होल्ट, बेरीज शून्य. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. मग खालच्या ओळीत फील्ड, २७ ÷ ०.०१ म्हणजे २७००, दुसऱ्याचं −२७००, बेरीज शून्य, खाली दोन रेघा मारल्या, पुढचं गणित. आणि तिथेच चुकलं, खरं उत्तर आहे ५४०० न्यूटन प्रति कूलॉम, दिशा निगेटिव्ह चार्जकडे.

का ते बघा. त्या मधल्या बिंदूवर एक बारीकसा पॉझिटिव्ह चार्ज ठेवलाय असं समजा. डावीकडचा + त्याला उजवीकडे ढकलतोय, उजवीकडचा − त्याला स्वतःकडे म्हणजे परत उजवीकडेच ओढतोय. दोघंही एकाच बाजूला जोर लावतायत, मग एकमेकांना कापतील कसे? वहीत लिहिलेला तो उणे दुसऱ्या चार्जचा होता, दिशेचा नव्हता, आणि दिशेचा समजून तो बेरजेत घेतला गेला.

मी सगळ्यांना एकच वाक्य सांगतो, पोटेन्शियलमध्ये चार्जचं चिन्ह आकड्यात जातं, फील्डमध्ये ते बाणात जातं. म्हणजे पोटेन्शियल काढताना चिन्हासकट आकडा टाका आणि डोळे झाकून बेरीज करा, तिथे दिशा नावाचा प्रकारच नाही. फील्ड काढताना मात्र चिन्ह बाजूला ठेवा, फक्त किती ते काढा, आणि चिन्ह बघून आकृतीत बाण काढा, + पासून दूर, − कडे. बाण काढून झाला की त्या चिन्हाचं काम संपलं. चिन्ह आकड्यातही ठेवलं आणि बाणातही वापरलं की ते दोनदा मोजलं जातं, आणि दोनदा मोजलेला उणे म्हणजे परत अधिक, म्हणून उत्तर कधी शून्य येतं, कधी उलट्या दिशेचं येतं, आणि कधी कधी योगायोगाने बरोबरही येतं. बरोबर आलं की ती सवय पक्की होते, ते जास्त वाईट.

बाण न काढता फील्डचं गणित सोडवायचं नाही, हा माझा एकच हट्ट आहे. दोन चार्ज असले तरी. वेळ वाचवायला म्हणून आकृती सोडली जाते आणि त्याच दहा सेकंदांत चार मार्क जातात.

यावर एक चाचणी देतो, ही करून बघितलीत तर डोक्यात पक्कं बसेल. २० सेंटीमीटर बाजूचा चौरस घ्या, चारही कोपऱ्यांवर २-२ नॅनोकूलॉम. केंद्रापासून प्रत्येक कोपरा साधारण १४.१४ सेंटीमीटरवर, म्हणजे मीटरमधल्या अंतराचा वर्ग ०.०२, त्यामुळे प्रत्येक चार्जचं फील्ड १८ ÷ ०.०२ = ९०० न्यूटन प्रति कूलॉम आणि पोटेन्शियल सुमारे १२७ व्होल्ट. आता फक्त चिन्हं बदलत जायचं, आकडे तेच. चारही + असतील तर समोरासमोरचे बाण कापले जातात, फील्ड शून्य, पण पोटेन्शियल सुमारे ५०९ व्होल्ट. वरचे दोन + आणि खालचे दोन − केले तर पोटेन्शियल शून्य, आणि फील्ड? एका कर्णावर ९०० आणि ९०० एकाच दिशेने म्हणजे १८००, दुसऱ्या कर्णावरही १८००, हे दोन्ही एकमेकांशी काटकोनात, म्हणून एकूण १८०० गुणिले वर्गमूळ २, साधारण २५४६ न्यूटन प्रति कूलॉम, सरळ खाली. आणि + − + − असं एकाआड एक ठेवलं तर पोटेन्शियलही शून्य आणि फील्डही शून्य. एकच चौरस, तेच चार चार्ज, आणि तिन्ही वेळा वेगळा प्रकार. एक शून्य आहे म्हणून दुसरं शून्य असेल किंवा नसेल, यातलं काहीच गृहीत धरता येत नाही, दोन्ही वेगवेगळं काढावंच लागतं.

हे असं का, तर फील्ड हे पोटेन्शियलच्या आकड्यावर अवलंबून नसतं, पुढे सरकल्यावर तो आकडा किती झपाट्याने बदलतो त्यावर असतं. डोंगराची उंची आणि उतार यात जो फरक तोच. पठारावर उंची भरपूर पण उतार शून्य, आणि समुद्रसपाटीला मिळणाऱ्या कड्यावर उंची शून्य पण उतार प्रचंड. चार्ज दिलेला पोकळ धातूचा गोळा हे पठाराचं चांगलं उदाहरण आहे, १० सेंटीमीटर त्रिज्या आणि ५ नॅनोकूलॉम चार्ज असेल तर पृष्ठभागावर ४५० व्होल्ट, आणि आत सगळीकडेही ४५० व्होल्टच, म्हणून आत फील्ड शून्य. आत पोटेन्शियल शून्य असं लिहिणारे खूप आहेत.

दुसरं दुखणं, फील्ड कुठे शून्य होईल ते बिंदू शोधायची गणितं. यात वर्गसमीकरण येतं, त्याची दोन उत्तरं येतात, आणि कुठलं घ्यायचं ते कळत नाही. +४ आणि −१ नॅनोकूलॉम, मधे ३० सेंटीमीटर अंतर. फील्ड शून्य व्हायला दोन गोष्टी लागतात, दोन्ही बाण सारख्या लांबीचे हवेत आणि विरुद्ध दिशेचे हवेत. समीकरण फक्त लांबीचं बघतं, दिशेचं त्याला काहीच माहीत नसतं. −१ च्या पलीकडे एक्स अंतरावर असा बिंदू आहे असं धरून ४ भागिले (३० + एक्स) चा वर्ग बरोबर १ भागिले एक्स चा वर्ग असं मांडलं तर एक्स = ३० येतो आणि एक्स = −१० येतो.

हा −१० नुसता उणे आहे म्हणून खोडायचा नाही, तो काय सांगतोय ते बघा, मला हे समीकरणातलं सगळ्यात आवडतं ठिकाण वाटतं. −१० म्हणजे −१ चार्जपासून आतल्या बाजूला १० सेंटीमीटर, म्हणजे +४ पासून २० सेंटीमीटर. तिथे +४ चं फील्ड ३६ ÷ ०.०४ = ९०० आणि −१ चं ९ ÷ ०.०१ = ९००. लांबी अगदी सारखी, समीकरण खोटं बोलत नाहीये. पण दोन चार्जच्या मधे आहोत, एक ढकलतोय, दुसरा ओढतोय, दोन्ही बाण एकाच दिशेला, म्हणून तिथे फील्ड शून्य नाही, १८०० आहे. ३० वाल्या बिंदूवर मात्र बाण समोरासमोर येतात, तिथे खरंच शून्य.

म्हणून समीकरण मांडायच्या आधीच ठरवायचं की बिंदू कुठल्या भागात असणार. दोन्ही चार्ज एकाच चिन्हाचे असतील तर मधे, आणि लहान चार्जच्या जवळ. वेगळ्या चिन्हांचे असतील तर बाहेर, आणि तेही लहान चार्जच्या बाजूला, कारण मोठ्या चार्जच्या बाजूला मोठा चार्ज जवळही असतो आणि मोठाही असतो, लहानाची त्याच्याशी बरोबरी होणारच नाही. हे आधी ठरवलं की सरळ वर्गमूळ घेता येतं, २ भागिले (३० + एक्स) बरोबर १ भागिले एक्स, आणि वर्गसमीकरणाची गरजच राहत नाही.

आणि त्याच दोन चार्जसाठी पोटेन्शियल कुठे शून्य ते विचारलं की तो वेगळाच प्रश्न आहे, तिथे फील्डचा नियम लावू नका. पोटेन्शियलला दिशा नाही, त्यामुळे आतही शून्य मिळतं आणि बाहेरही. आत −१ पासून ६ सेंटीमीटरवर, कारण ४ भागिले २४ आणि १ भागिले ६ सारखेच. बाहेर १० सेंटीमीटरवर, कारण ४ भागिले ४० आणि १ भागिले १०. बहुतेक जण एक बिंदू काढून थांबतात आणि अर्धे मार्क जातात. खरं तर रेषेच्या बाहेरही बघितलं तर असे बिंदू अगणित आहेत, +४ पासूनचं अंतर −१ पासूनच्या अंतराच्या चौपट असेल असा प्रत्येक बिंदू, आणि ते सगळे मिळून −१ ला पोटात घेणारा ८ सेंटीमीटर त्रिज्येचा एक गोल पृष्ठभाग होतो, त्याचा मध्य −१ च्या २ सेंटीमीटर पलीकडे. ६ आणि १० ही फक्त रेषा त्या गोलाला जिथे छेदते ती दोन ठिकाणं. आणि फील्ड जिथे शून्य होतं तिथलं पोटेन्शियल काढून बघा, ३६ ÷ ०.६ वजा ९ ÷ ०.३, म्हणजे ६० वजा ३०, ३० व्होल्ट. शून्य नाही.

तिसरं, आणि हे हुशार मुलांकडूनही होतं, व्ही बरोबर ई गुणिले डी (पोटेन्शियलचा फरक बरोबर फील्ड गुणिले अंतर) हा फॉर्म्युला बिंदू चार्जला लावणं. तो फॉर्म्युला फील्ड सगळीकडे सारखं असेल तेव्हाचा आहे, म्हणजे दोन समांतर प्लेट्समधला. बिंदू चार्जभोवती फील्ड पावलागणिक बदलतं. २ नॅनोकूलॉमपासून १० सेंटीमीटरवर १८० व्होल्ट आणि २० सेंटीमीटरवर ९० व्होल्ट, फरक ९०. आता ई गुणिले डी करून बघा, जवळचं फील्ड १८०० घेतलं तर १८०० × ०.१ = १८०, लांबचं ४५० घेतलं तर ४५. एक दुप्पट, एक निम्मं, आणि दोन्हीची सरासरी घेतली तरी ११२.५, म्हणजे तीही चूकच. बिंदू चार्ज असेल तर दोन्ही ठिकाणचं पोटेन्शियल वेगवेगळं काढून वजाबाकी करायची, दुसरा रस्ता नाही.

एनर्जीच्या गणितात उत्तर बरोबर दुप्पट येत असेल तर जोड्या दोनदा मोजल्यात. १० सेंटीमीटर बाजूचा समभुज त्रिकोण, तिन्ही कोपऱ्यांवर २ नॅनोकूलॉम. जोड्या तीनच आहेत, प्रत्येक जोडीची एनर्जी ३.६ × १० चा उणे ७वा घात ज्यूल, एकूण १.०८ × १० चा उणे ६वा घात. पण बरेच जण प्रत्येक कोपऱ्यावरचं पोटेन्शियल म्हणजे ३६० व्होल्ट घेतात, त्याला तिथल्या चार्जने गुणतात आणि तिन्ही कोपऱ्यांची बेरीज करतात, तर २.१६ येतं. पहिल्या-दुसऱ्याची जोडी दोन्ही टोकांकडून मोजली गेली म्हणून. तसं करायचंच असेल तर शेवटी २ ने भागा. आणि कोपऱ्यावरचं पोटेन्शियल काढताना तिथला स्वतःचा चार्ज धरायचा नाही, अंतर शून्य येईल आणि उत्तर अनंत.

इलेक्ट्रॉनचं चिन्ह ही वेगळीच डोकेदुखी. इलेक्ट्रॉन १०० व्होल्टकडून ३०० व्होल्टकडे गेला तर त्याची पोटेन्शियल एनर्जी वाढली की कमी झाली? पोटेन्शियल वाढलं म्हणून एनर्जीही वाढली असं हात आपोआप लिहून जातो. पण चार्ज उणे आहे, म्हणून एनर्जी २०० इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी झाली, म्हणजे ३.२ × १० चा उणे १७वा घात ज्यूल, आणि तेवढीच कायनेटिक एनर्जी वाढली. थांबलेल्या अवस्थेतून निघाला असेल तर वेग साधारण सेकंदाला ८४ लाख मीटर. इथे चिन्ह दोन ठिकाणी येतं, एक पोटेन्शियलच्या फरकात आणि एक फिरणाऱ्या चार्जमध्ये, आणि दोन्ही ठेवायचे असतात. शेवटचं वजा सुरुवातीचं, हा क्रमही उलटा करू नका. आणि प्रश्नात काम कुणी केलं ते वाचा, फील्डने केलेलं काम आणि बाहेरून सावकाश हलवणाऱ्याने केलेलं काम यांची चिन्हं एकमेकांच्या उलट असतात.

उत्तराचे आकडे बरोबर पण दहाचा घात चुकलेला असेल तर ते एककाचं काम, यावर फार लिहीत नाही. सेंटीमीटरचे मीटर आधी करा, वर्ग नंतर. १० सेंटीमीटरचा वर्ग १०० आणि १०० सेंटीमीटर म्हणजे १ मीटर म्हणून १ लिहिलेलं मी अनेकदा बघितलंय, तो ०.०१ आहे. के ऐवजी १ भागिले ४ पाय एप्सिलॉन वापरत असाल तर कॅल्क्युलेटरवर खालचं सगळं कंसात घ्या, १ ÷ ४ × पाय असं सलग दाबलं तर पाय वर जाऊन बसतो.

उत्तर अंदाजात आहे का ते बघायला एक आकडा लक्षात ठेवा, नेहमीच्या कोरड्या हवेत साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला ठिणगी पडते. १ मायक्रोकूलॉमपासून १० सेंटीमीटरवर फील्ड ९ लाख असतं, म्हणजे मायक्रोकूलॉम हा बिंदू चार्ज म्हणून बऱ्यापैकी मोठा चार्ज आहे. तुमचं उत्तर १० च्या १२व्या घाताच्या आसपास आलं असेल तर मायक्रो किंवा नॅनो कुठेतरी गळालंय, परत सगळं सोडवत बसू नका, सरळ ती ओळ शोधा.

जे कोड लिहून फील्डचं चित्र काढतात त्यांच्यासाठी एवढंच. एक्स आणि वाय घटक काढताना अंतराच्या घनाने भागायचं असतं, कारण एक घात दिशेच्या बाणाची लांबी १ करण्यात जातो. वर्गाने भागलं तर चित्र दिसायला ठीकच दिसतं, बाणांच्या दिशाही बऱ्यापैकी बरोबर वाटतात, पण लांब गेल्यावर फील्ड पाहिजे तितकं पडत नाही. एकाच चार्जवर तपासा, अंतर दुप्पट केल्यावर फील्ड चौथा हिस्सा आणि पोटेन्शियल निम्मं व्हायलाच हवं. ग्रिडचा एखादा बिंदू बरोबर चार्जवर आला तर भागिले शून्य होतं, तेवढे बिंदू वगळा. आणि समविभव रेषा (सारखं पोटेन्शियल असलेले बिंदू जोडणाऱ्या) फील्डच्या बाणांना सगळीकडे काटकोनात छेदतायत का ते बघा, कुठे तिरकस दिसल्या तर दोन्हीपैकी एकाचं गणित चुकलंय, आणि बहुतेक वेळा ते फील्डचंच असतं, कारण पोटेन्शियलमध्ये चुकायला जागा कमी.

अजूनही उत्तर जुळत नसेल तर वही घ्या, फील्डच्या प्रत्येक ओळीत बघा की आकड्याच्या आधी उणे आलाय का, आणि आला असेल तर तो कुठून आला. बाणाची दिशा डावी म्हणून आला असेल तर ठीक. चार्ज निगेटिव्ह होता म्हणून आला असेल तर तिथेच खोडा आणि त्या ओळीपासून पुढे परत करा.